मजकूर नावाचा तालुका

"माझा पणजोबा तिकडे कधी गेलाच नव्हता," फोनवरचे आजोबा म्हणाले. "तो गाढवावरून बाजाराला जायचा, लव्ह. गाढव इतकं लांब चालत नाही."

कुणाही बाईला लव्ह म्हणायची इथल्या म्हाताऱ्यांची पद्धत. सोमवारची सकाळ होती आणि हा त्यांचा तिसरा फोन होता. नाव रिस्तो, वय शहाऐंशी, राहणार वॉलॉंगॉंग. पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात उभा जन्म काढून रिटायर झालेले. आईवडिलांच्या कडेवर बसून मॅसिडोनियातून ऑस्ट्रेलियात आले ते परत कधी गेले नाहीत. आता येत्या रविवारी नात डॅनिएला त्यांना पहिल्यांदा तिकडे घेऊन जाणार होती. दहा दिवसांची ट्रिप. गुडघे दोन्ही खराब, आणि एवढा लांबचा प्रवास यानंतर नको असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

त्यांना एकच गोष्ट बघायची होती. त्यांचे पणजोबा स्तोयान हे पाथरवट. गावच्या पाणवठ्याची दगडी भिंत त्यांनी बांधली आणि एका कोपऱ्यात स्वतःचं नाव कोरून ठेवलं, असं घरात तीन पिढ्या सांगत आले होते. गावाचं नाव ओरेहोवो. त्यांच्या भाषेत याचा अर्थ अक्रोडांचं गाव. पण आपल्याकडे जशी वडगावं असतात तशी तिकडे ओरेहोवो असतात. त्या मुलखात तीन होती, तीन वेगवेगळ्या डोंगरांत, आणि त्यातलं एक आता सरहद्दीपलीकडे ग्रीसमध्ये. आजोबा जन्मायच्या आधीच घर गाव सोडून शहरात आलं होतं, त्यामुळे नेमकं कुठलं ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं. ते गुडघे घेऊन तिन्ही ठिकाणी जाणं शक्य नव्हतं. डॅनिएलाला गुरुवारपर्यंत एक गाडी आणि एक ड्रायव्हर ठरवायचा होता.

लाँचआधी चाचणीसाठी खुल्या केलेल्या आमच्या वेबसाइटनं त्यांना चौथंच ठिकाण सांगितलं होतं. तुर्कस्तानच्या पार पूर्वेकडचं.

मी मेलबर्नच्या क्लेटनमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मेटाडेटा लायब्रेरियन आहे. जुना शब्द कॅटलॉगर. पुस्तकं वाचायला देणारे लोक वेगळे. पुस्तकात काय आहे, ते कुणी लिहिलं, कुठलं आहे, याच्या नोंदी करणारे आम्ही. काम शांत असतं. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं.

त्या वर्षी आमच्याकडे एक संग्रह आला होता. एका दिवंगत संग्राहकानं ऑटोमन साम्राज्यातल्या जुन्या शिरगणतीच्या वह्यांचे पानन् पान फोटो काढून ठेवले होते. लिपी अरबी वळणाची, भाषा जुनी तुर्की. मेलबर्न-सिडनीत लेबनीज, ग्रीक, मॅसिडोनियन, सायप्रसचे, तुर्की असे कितीतरी लोक आहेत ज्यांचे पणजोबा या वह्यांत सापडू शकतात. म्हणून ठरलं, की हे सगळं नकाशावर आणायचं. नाव टाइप करा, नकाशावर टिंब दिसेल. पानं वाचण्याचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं. त्यांच्या मशीननं हस्ताक्षर वाचून सगळं इंग्रजी अक्षरांत उतरवलं आणि आम्हाला एक भलीमोठी एक्सेल शीट दिली.

त्या साम्राज्याची मांडणी मराठी माणसाला समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात. सर्वांत मोठा विभाग विलायेत, म्हणजे प्रांत. आपली 'विलायत' हाच शब्द. आपण तो नेऊन इंग्लंडला चिकटवला एवढंच. विलायेतच्या पोटात संजाक, म्हणजे जिल्हा. संजाकचा मूळ अर्थ झेंडा. संजाकच्या पोटात कझा, म्हणजे तालुका. जितक्या टापूवर एका काझीचा अंमल तितका एक कझा. आपला भांडणातला 'कज्जा' याच घराण्यातला. कझाच्या खाली नाहिये, म्हणजे जुन्या काळचा पेटा, तालुक्याचा पोटभाग समजा. आणि सगळ्यात खाली गाव. थोडक्यात मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. आमच्या शीटमधले कॉलम अगदी याच क्रमानं होते, आणि ती उघडली की मला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटायचं.

स्तोयानची ओळ आमच्याकडे होती. नाव स्तोयान, बापाचं नाव कोस्ते, धंदा पाथरवट. माणूस तोच, यात शंका नव्हती. गाव ओरेहोवो. संजाक मनास्तिर, हेही बरोबर. आणि कझाच्या कॉलममध्ये लिहिलं होतं: Mezkur.

हा मेझकुर तालुका नकाशाच्या सॉफ्टवेअरला सापडला नव्हता. न सापडलेल्या नावांसाठी आमच्या डेव्हलपरनं एक सोय केली होती. जवळात जवळचं स्पेलिंग शोधायचं आणि तिथे टिंब टाकायचं. तिकडे पूर्वेला मेझ्रे नावाचं एक गाव होतं. पहिली तीन अक्षरं जुळली. मेझकुरचे सगळे रहिवासी तिथे जाऊन बसले.

डेव्हलपरचं नाव संकेत. पुण्याचा, तिशीतला, माझ्या शेजारच्याच क्युबिकलमध्ये बसतो. ऑफिसात सगळे मला व्हॅस म्हणतात. तो एकटा ताई म्हणतो. मी त्याला विचारलं, अशी किती माणसं आहेत. त्यानं फिल्टर लावून बघितलं, काढून परत लावला. मग म्हणाला, "ताई, मेझकुर हा आपल्या डेटाबेसमधला सगळ्यात मोठा तालुका आहे. लेबनॉनपासून बाल्कनपर्यंत सगळीकडे त्याची गावं आहेत."

शुक्रवारी लाँच होतं. हॉल बुक झालेला, निरनिराळ्या कम्युनिटीचे पाहुणे यायचे होते. आमची मॅनेजर लिंडा कामाला वाघ आहे, पण लाँचच्या आठवड्यात तिला फक्त दोन प्रकारची वाक्यं ऐकू येतात, 'झालं' आणि 'होतंय'. मी तिला सांगायला गेले.

"एका तालुक्याचा प्रॉब्लेम आहे," मी म्हटलं.

"किती मोठा?"

"सगळ्यात मोठा."

तिनं पेन खाली ठेवलं. मग विचारलं की एक डिस्क्लेमर टाकून काम भागेल का, आणि बाकीचं फेज टूमध्ये बघू. आमच्याकडे फेज टू ही अशी जागा आहे, जिथून अजून कोणी परत आलेलं नाही. मी रिस्तोंच्या रविवारच्या विमानाचं सांगितलं. तिला वाईट वाटलं. ती मनानं चांगली आहे. पण हा तालुका कुठे होता हे मला तरी माहीत आहे का, असं तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. मग शुक्रवारपर्यंत तू नक्की काय दुरुस्त करणार, असं ती म्हणाली. 

सोमवारचा उरलेला दिवस मी ऑटोमन तालुक्यांच्या छापील याद्या चाळण्यात घालवला. मनास्तिर संजाकात पिर्लेपे होतं, ओहरी होतं, फिलोरिना होतं. मेझकुर नव्हतं. शेजारच्या संजाकात नव्हतं. साम्राज्यात कुठेच नव्हतं.

मंगळवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी चहा आणायला गेले होते. संकेतनं उचलला. परत येताना तो मला कॉरिडॉरमध्येच भेटला आणि हसत म्हणाला, "ताई, तुमचे ते मजकूर गावचे आजोबा परत फोनवर आहेत."

मी कप हातात घेऊन तशीच उभी राहिले.

आदल्या दिवसभर मी तो शब्द डोळ्यांनी वाचत होते. एम, ई, झेड, के. इंग्रजी अक्षरांत तो परका दिसत होता. संकेतच्या सदाशिवपेठी तोंडातून तो बाहेर पडला आणि एकदम ओळखीचा झाला.

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. बाबा वाईला भूमी अभिलेख कार्यालयात होते. मोडी वाचणारी माणसं तेव्हाही कमीच होती, त्यामुळे रविवारी लोक जुन्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, घेऊन घरी यायचे. बाबा चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ धरायचे आणि मोठ्यानं वाचायचे. मी शेजारी बसून बाळबोधीत उतरवून घ्यायचे. माझं अक्षर बरं होतं, म्हणून ही नेमणूक. त्या कागदांत दर दोन ओळींनी यायचं: 'मौजे मजकूर येथील पाटील', 'मौजे मजकूरची पांढरी'. तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. मला वाटलं, मजकूर हे फार महत्त्वाचं गाव असणार. शाळेत सातारा जिल्ह्याचा नकाशा होता. त्यात ते सापडलं नाही. मी घरी येऊन बाबांना सांगितलं की नकाशा चुकलाय.

दुसरा कोणी असता तर हसला असता. बाबांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "नीट बघितलंस? कोयनेच्या बाजूला?" मी आणखी दोन दिवस शोधलं. मग त्यांनी सांगितलं. मजकूर म्हणजे उल्लेख झालेला. मौजे मजकूर म्हणजे वर ज्या गावाचं नाव येऊन गेलं ते, सदरचं गाव. लिहिणाऱ्याला पुन्हा पुन्हा नाव लिहायचा कंटाळा, म्हणून हा शब्द. गाव कुठलं हे हवं असेल तर मागं जायचं, नाव सापडेपर्यंत.

त्यानंतर घरात तो एक विनोदच झाला. कुठून आलेत ते न सांगणारे पाहुणे म्हणजे मजकूरचे पाहुणे. मी ऑस्ट्रेलियात आल्यावर दर रविवारी फोनवर बाबांचा पहिला प्रश्न, "काय म्हणतंय मौजे मजकूर?" म्हणजे क्लेटन. आणि फोन ठेवताना, "इकडेही मौजे मजकूरला सगळं ठीक." म्हणजे वाई. आम्ही दोघंही आयुष्यभर एकाच गावात राहत होतो, असा त्याचा अर्थ मी आता लावते.

बाबा त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गेले.

मी रिस्तोंना म्हटलं, मला एक दिवस द्या. मग जागेवर येऊन डिक्शनरी उघडली. मेझकूर: मूळ अरबी, उल्लेखिलेला, वर सांगितलेला. सध्याच्या तुर्कीत फारसा वापर नाही. 'कझा-यी मेझकूर' म्हणजे सदर तालुका. त्यांचा कारकून आणि आपला कारकून दोघांना एकच कंटाळा होता आणि दोघांनी त्यावर एकच शब्द शोधला होता. मी हसायला लागले. आमच्या मजल्यावर माझं हसणं फारसं कोणी ऐकलेलं नाही. संकेत उठून बघायला आला.

त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं विचारलं, "म्हणजे मजकूर छापणे, मजकूर वाचा, तोच मजकूर?"

"तोच."

"आणि मी त्याला पिनकोड द्यायचाच बाकी ठेवला होता," तो म्हणाला.

आता दुसरी गोष्ट, जी मला सांगायला आवडत नाही. लायब्ररीत प्रत्येक स्थळनावाची एक अधिकृत नोंद असते. तिला आम्ही ऑथॉरिटी रेकॉर्ड म्हणतो. नाव खरं आहे, तपासलेलं आहे, असं एका माणसानं आपली आद्याक्षरं घालून सांगायचं, मगच ते सिस्टिममध्ये जातं. मशीनच्या हातून चूक होणारच; ती पकडायला हा माणूस असतो. मी 'Mezkur, कझा' ही नोंद उघडली. आद्याक्षरं माझीच होती. तारीख बघितली. वाईहून दिवसकार्य उरकून मी परत आले, त्याच्या पुढचा आठवडा. त्या दिवसांत मी समोर आलेलं सगळं मंजूर करत होते.

म्हणजे एकच चूक मी आयुष्यात दोनदा केली. नवव्या वर्षी आणि छप्पन्नाव्या. पहिल्या वेळी सांगायला बाबा होते.

आर्व्होला, म्हणजे इकडच्या बोलीत दुपारी, लिंडाकडे गेले. तिला आद्याक्षरांचंही सांगितलं, आधी तेच सांगितलं.

"म्हणजे तो तालुका नाहीच?" तिनं विचारलं.

"नाही."

"पण आपण तिथे शेकडो लोक राहायला पाठवलेत."

"त्यांना घरी सोडायचंय."

लिंडालाही हसू आलं. ती म्हणाली की शुक्रवार दुपारी दोनपर्यंत वेळ आहे, बाकीची सगळी कामं बाजूला ठेव, आणि डिस्क्लेमरचं मी बोलले होते ते विसर.

दुरुस्ती सोपी वाटत होती. मेझकुर दिसलं की वरच्या ओळीतला तालुका खाली उतरवायचा. संकेतनं अर्ध्या तासात स्क्रिप्ट लिहिली आणि चालवली. स्तोयानच्या ओळीत तालुका आला: ओहरी. म्हणजे ओहरी तालुक्यातलं, तळ्याकाठच्या डोंगरातलं ओरेहोवो. संकेतनं खुर्ची गोल फिरवली. मी रिस्तोंचा नंबर लावायला घेतला.

नंबर लावताना नजर स्क्रीनवर होती. ओरेहोवोच्या वरचं गाव ओप्तिचारी. खालचं ओरोव्हनिक. त्याखाली ओसोय. मी फोन खाली ठेवला.

"संकेत, ओनं सुरू होणारी सगळी गावं शेजारीशेजारी कशी असतील?"

त्यानं बघितलं. कंपनीनं शीट आम्हाला देण्याआधी गावांच्या नावांनुसार सॉर्ट केली होती. ए पासून झेड. दिसायला नीटनेटकी दिसावी म्हणून. एरवी यात काही बिघडत नाही. पण 'मजकूर' हा शब्द क्रमावर जगतो. वरची ओळ बदलली की त्याचा अर्थ बदलतो. वह्यांमधल्या ओळी पत्त्यांसारख्या पिसून झाल्या होत्या आणि प्रत्येक मजकूर भलत्याच माणसाकडे बोट दाखवत होता. दोन मिनिटं उशीर झाला असता तर मी एका शहाऐंशी वर्षांच्या माणसाला चुकीच्या डोंगरावर पाठवलं असतं, तेही अभिमानानं.

कंपनीला मेल केली. त्यांचं उत्तर बुधवारी सकाळी आलं: प्रोजेक्ट बंद झाला, मूळ फाइल ठेवलेली नाही. पानांचे फोटो आमच्याकडे होते, पण हजारो पानांतून स्तोयानचं पान शोधायचं तर ती लिपी वाचता यायला हवी. ती आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. ज्यांना येत होती त्या डॉक्टर सेविम, इतिहासाच्या प्राध्यापक, हा संग्रह येण्याआधीच रिटायर होऊन ब्रिस्बेनला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. त्या असत्या तर हे झालंच नसतं.

बुधवारी लंचला मी डबा उघडून तशीच शीटकडे बघत बसले होते. काही शोधत नव्हते. कॅटलॉगरला रिकाम्या वेळी कॉलमची नावं वाचायची सवय असते. ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, आय.

परत वाचलं. जी, आय.

एच नव्हता. कोणीतरी तो कॉलम लपवून ठेवला होता. एक्सेलमध्ये कॉलम न पुसता लपवता येतो. मी जी आणि आयच्या मधल्या रेघेवर राइट क्लिक केलं आणि एच बाहेर आला. त्यात प्रत्येक ओळीपुढे फोटोचा नंबर आणि पानावरचा ओळीचा नंबर होता. आकडे बघायला कंटाळवाणे, म्हणून झाकून ठेवलेले असणार. लिहिणाऱ्या कारकुनानं ज्या क्रमानं लिहिलं तो सगळा क्रम तिथे होता.

संकेत सँडविच घेऊन आला. मी स्क्रीनकडे बोट केलं. तो म्हणाला, "ताई, हे बघून मला रडू येईल," आणि सँडविच तोंडात धरूनच टाइप करायला बसला.

एचनुसार सॉर्ट केल्यावर ओळी आपापल्या जागी जाऊन बसल्या. स्तोयान सापडला. त्याच्या वर मजकूर, त्याच्या वर मजकूर. त्यामागच्या पानावर मजकूर. आम्ही मागं जात राहिलो. पाच पानं. पाचव्या पानाच्या माथ्यावर मशीननं वाचलं होतं: पिर्लेपे.

पण मशीनवर एकदा विश्वास ठेवून झाला होता. मी डॉक्टर सेविमना मेल केली आणि त्या पानाचा फोटो जोडला. पंधरा मिनिटांत त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे नातवंडांचा दंगा चालला होता. त्यांनी पान मोठं करून बघितलं आणि ठळक, सावकाश वाचलं: पिर्लेपे कझासी. पिर्लेपे तालुका. मग मी त्यांना मेझकुरची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"मी रिटायर काय झाले," त्या म्हणाल्या, "तुम्ही तर एक नवा तालुका वसवलात. सुलतानांनाही इतक्या झटपट जमलं नव्हतं."

मग त्यांनी मला विचारलं की हा शब्द तुझ्या कसा लक्षात आला, त्यांच्या तुर्की विद्यार्थ्यांनाही तो अडतो. मी म्हटलं, आमच्याकडेही हाच शब्द आहे, वडिलांनी शिकवला. त्यांनी वडिलांचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि आमच्या वेबसाइटवर आभाराच्या यादीत हे नाव दिसलं पाहिजे असं बजावलं. मराठी कारकुनाचं नाव ऑटोमन नकाशाच्या आभारात. ते तिथे आहे. मी अधूनमधून बघते.

बुधवारी दुपारीच रिस्तोंना फोन केला. पिर्लेपे म्हणजे आजचं प्रिलेप. ओरेहोवो तिथून वर डोंगरात. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग डॅनिएलानं फोन घेतला आणि सांगितलं की आजोबा स्वयंपाकघरात जाऊन नकाशावर स्टीलची मोजपट्टी ठेवून अंतर मोजतायत. ती हॉस्पिटलात नर्स आहे. तिनं लगेच विचारलं, रस्ता कसा आहे, पायऱ्या आहेत का. ते मला माहीत नव्हतं. मग आजोबा परत फोनवर आले. त्यांना हे कसं सापडलं ते सगळं ऐकायचं होतं. मी सांगितलं. नऊ वर्षांची मी, तो नकाशा आणि बाबांचे रविवारचे फोन, तेही सांगितलं. ते इतके हसले की डॅनिएलानं मागून त्यांना बसायला सांगितल्याचं ऐकू आलं.

"तुझा बाबा चांगला माणूस असणार, लव्ह," ते म्हणाले. "दोन दिवस शोधायला लावलं."

"हो," मी म्हटलं.

शुक्रवारी दोन वाजता लाँच झालं. सगळ्या माणसांना आम्ही घरी सोडू शकलो नाही. ज्यांचं पानच खराब होतं त्यांच्यापुढे 'तालुका अज्ञात' असं सरळ लिहिलं. लिंडानं भाषणात मेझकुरची गोष्ट सांगितली, ठरलेलं भाषण बाजूला ठेवून. हॉल हसला. पहिल्या रांगेतल्या एका लेबनीज आजींनी उठून सांगितलं की यात काय एवढं, आम्ही अजून रोज बोलतो हा शब्द, मला विचारायचं होतंत. त्यावर जास्तच हसले. नंतर चहाच्या टेबलापाशी सायप्रसचा एक तुर्की माणूस आणि एक ग्रीक माणूस आपापली टिंबं दाखवत होते. शेजारशेजारचे तालुके निघाले.

त्या रात्री घरी आल्यावर मी बाबांच्या वह्या काढल्या. फेब्रुवारीत त्या वाईहून आणल्या होत्या. तेवीस किलोंत बसाव्यात म्हणून मसाले आणि पापड मागे ठेवले होते. मेलबर्नच्या एअरपोर्टवर ऑफिसरनं विचारलं होतं की खाण्याचं काय आहे, आणि मी म्हटलं होतं, फक्त कागद. त्याचा विश्वास बसला नव्हता. तेव्हापासून त्या न उघडता कपाटात होत्या. पहिल्या वहीत माझंच अक्षर होतं, शाळकरी, गोल. 'मौजे मजकूर' मी प्रत्येक वेळी अधोरेखित केलं होतं, कारण शाळेत गावांची नावं अधोरेखित करायला शिकवलं होतं. आणि एका पानावर समासात पेन्सिलीनं बाबांनी लिहिलं होतं: हे गाव चिरंजीव सौभाग्यकांक्षिणीस सापडल्यास कळवणे.

मी ती वही रात्री संपवली. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा एखादी गोष्ट एका बैठकीत वाचून झाली.

पुढच्या आठवड्यात शनिवारी डॅनिएलाचा फोटो आला. दगडी पाणवठा, मागे अक्रोडाचं झाड, पाण्याची बारीक धार चालू. रिस्तो ड्रायव्हरच्या खांद्यावर एक हात टाकून उभे. दुसऱ्या हाताचं बोट भिंतीच्या कोपऱ्यातल्या एका दगडावर. अक्षरं झिजलेली, पण स्तोयान वाचता येतं. गावात आता सात-आठच घरं राहिलीत, असं तिनं लिहिलं होतं, आणि त्यातल्या एका घरातल्या म्हातारीचे पणजोबाही स्तोयानच. दोघं दुपारपासून भांडतायत की नाव नक्की कुणाच्या पणजोबाचं. आजोबा इतके खूश तिनं कधी बघितले नव्हते.

खाली आजोबांनी स्वतः टाइप केलेली एक ओळ होती. सगळी कॅपिटल अक्षरं: मेझकुरहून नमस्कार. इकडे सगळं ठीक.

आता धडा. सॉर्ट करण्याआधी मूळ क्रमाची एक कॉपी ठेवावी. जीनंतर आय आला तर थांबावं. आणि घरी दुःख असेल त्या आठवड्यात आद्याक्षरं घालू नयेत, रजा घ्यावी, ती मिळते.

'Mezkur' ची नोंद मात्र पुसता आली नाही. एकदा केलेली ऑथॉरिटी रेकॉर्ड काढून टाकली की दुसऱ्या लायब्रऱ्यांचे दुवे तुटतात. म्हणून मी ती ठेवली आणि खाली टीप घातली: हे स्थळनाव नाही, मागचं पान पाहावं. टिपा वाचायची आमच्या व्यवसायात फारशी पद्धत नाही. परवाच पर्थच्या एका लायब्ररीतून मेल आली. तिथले कॅटलॉगर विचारत होते की तुमच्या नोंदीतला मेझकुर तालुका आम्हाला कुठल्याच नकाशात सापडत नाही, तरी मार्गदर्शन व्हावं.

मी उलट विचारलं, "नीट बघितलंत? जरा पूर्वेकडे?"

बाकीचं उत्तर दोन दिवसांनी पाठवलं.